डोक्यावरचा हप्ता

काशीला दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले की अहल्याबाई घाटाच्या पलीकडे मुन्शी घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा हा घाट. शेजारची टोलेजंग दगडी वास्तूही त्यांचीच. १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजांनी ती विकत घेतली आणि तो भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. दशाश्वमेधच्या या परिसरात वस्तरा घेऊन बसलेले नाभिक नेहमी दिसतात. कोणी जावळासाठी बाळाला घेऊन आलेला असतो, तर कोणी वडिलांच्या क्रियाकर्मासाठी. केस उतरवायला इथे चहापाण्याइतके पैसे पुरतात. डोक्यावर केस ठेवायचे म्हटले की मात्र खर्च सुरू होतो, आणि तो दर महिन्याला होत राहतो.

ठाण्याचे एक परिचित गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन सहकुटुंब काशीला गेले होते. वय बेचाळीस, चांगली नोकरी. तीन वर्षांपासून ते डोक्यावर हेअर पॅच लावतात, म्हणजे टक्कल पडलेल्या जागी डिंकासारख्या द्रावाने चिकटवलेले, खऱ्या केसांचे पातळ जाळीदार आवरण. प्रवासात घोळ नको म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो नव्याने बसवून घेतला होता. गुरुजींनी क्षौराला बसायला सांगितले आणि त्यांचा चेहरा उतरला. पत्नीने प्रसंग ओळखला. गुरुजींना बाजूला घेऊन ती हळूच बोलली. गुरुजी समंजस निघाले, कानामागचे चार केस कापून त्यांनी काम भागवले. धाकट्या भावाने मात्र पूर्ण मुंडन केले. थोरल्याने का नाही, हा प्रश्न बरोबरच्या आत्याबाईंच्या डोळ्यांत दिवसभर दिसत होता.

संध्याकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर दोघेच बसले असताना पत्नीने सहज विचारले, "अहो, याला वर्षाला येतो तरी किती खर्च?" पॅच आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते, हिशेब मात्र ठाऊक नव्हता. दोघांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि तीन वर्षांचा आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला. त्याच तीन वर्षांत मुलीचा संगणक दोनदा पुढे ढकलला गेला होता.

हे गृहस्थ काही उधळे नव्हेत. घरातल्या दुधाचे, विजेचे, सोसायटीचे पैसे ते वहीत लिहितात. पण हा खर्च त्यांनी वहीत कधी लिहिलाच नाही, कारण वही स्वयंपाकघराच्या फळीवर असते आणि ती कोणीही उघडते. अशा वस्तूंच्या व्यापारात हीच गोम आहे. गिऱ्हाइकाला चारचौघांत भाव विचारता येत नाही, शेजाऱ्याला 'तुमचा कितीला पडला?' म्हणता येत नाही. मग सांगितलेला दर मुकाट्याने द्यावा लागतो.

हा खर्च वारंवार का येतो, हे समजायला वस्तूची घडण पाहावी लागते. पॅचचा तळ तीन प्रकारचा असतो. एक बारीक जाळीचा, त्यालाच लेस म्हणतात. दुसरा त्वचेसारख्या पातळ पारदर्शक पापुद्र्याचा. तिसरा जाड विणीचा, मोनो नावाचा. पहिले दोन इतके बेमालूम दिसतात की जवळ उभ्या असलेल्या माणसालाही शंका येत नाही, पण ते नाजूक. रोज वापरले तर साधारण तीन ते सहा महिन्यांत त्यांचे केस विरळ होऊ लागतात. मोनो जास्त टिकतो, मात्र कपाळाजवळची त्याची कड चाणाक्ष नजरेला कळते. थोडक्यात, जितका सुंदर तितका अल्पायुषी.

शिवाय हे केस डोक्यातून उगवलेले नसतात. आपल्या केसांना टाळूच्या त्वचेतून तेलकटपणा मिळतो, यांना मिळत नाही. गळलेला केस पुन्हा येत नाही. उन्हाने रंग तांबूस पडतो. इकडे बाजूचे स्वतःचे केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतच असतात, म्हणून दोन्हींचा मेळ राखायला पुन्हा कात्री लागते. दर दोन-तीन आठवड्यांनी पॅच काढायचा, रसायनाने जुना चिकटा विरघळवायचा, टाळू धुवायची, नवी टेप लावून पुन्हा बसवायचा. मुंबईच्या मे महिन्यात, लोकलच्या गर्दीत घाम निथळत असताना ही मुदत आणखी आटते. हेअर वीव्हिंग नावाच्या पद्धतीत पॅच उरलेल्या केसांशी दोऱ्याने गुंफतात. तिथे चिकटा नसतो, पण स्वतःचे केस वाढले की पकड ढिली होते आणि महिना-दीड महिन्याने ती आवळून घ्यावी लागते. सतत ओढ बसल्याने ते उरलेले केसही गळू शकतात, हा वेगळाच तोटा.

आता हिशेब मांडू. आकडे नमुन्यादाखल आहेत, आपल्या गावचे दर घालून पाहा. समजा पॅच १५ हजारांचा आणि तो सहा महिने टिकला. म्हणजे वर्षाला दोन, ३० हजार. दर तीन आठवड्यांनी एक फेरी धरली तर वर्षात १७ फेऱ्या. प्रत्येकी ८०० रुपयांप्रमाणे १३,६००. टेप, चिकटा, तो काढण्याचे द्रावण आणि सौम्य शाम्पू मिळून महिना ५०० धरा, वर्षाचे ६ हजार. बेरीज ४९,६००. जाहिरातीत दिसले होते १५ हजार, खिशातून गेले जवळजवळ ५० हजार! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. तिशीतल्या तरुणाने पन्नाशीपर्यंत हे चालवायचे ठरवले तर आजच्याच दराने दहा लाख होतात. आणि मध्येच मिशी पिकली की पॅचमध्येही पांढरे केस मिसळून मागवावे लागतात, नाहीतर मिशी वडिलांची आणि डोके मुलाचे असे दिसते.

आपल्याकडे खोटे केस नवे नाहीत. आजीच्या पेटीत गंगावन असायचे. सणासुदीला अंबाड्यात घालायचे, नंतर रिठ्याने धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा पेटीत. त्याला दर महिन्याची फेरी नव्हती आणि लपवाछपवीही नव्हती. सुनेलाही ते हक्काने मागता येई.

पुरुषाच्या पॅचचे तसे नाही. दिवाळीचेच पाहा. अभ्यंगस्नानाला बायको तेलाची वाटी घेऊन उभी, आणि तेलाने तर चिकटा सुटतो. मुलांनी कारण विचारले तर काय सांगायचे? नवा बसवल्यावर साधारण एक दिवस डोके ओले करायचे नाही, मग नदीत बुडी दूरच. लग्नाआधी पॅच लावून नंतर तो लपवणाऱ्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. २०१९ च्या 'बाला' या हिंदी चित्रपटात कानपूरच्या नायकाचे लग्न याच लपवण्यामुळे मोडते. तिथे प्रेक्षक हसतात. पण सांगून जमवलेल्या लग्नात ही गोष्ट आधी सांगणे हे पत्रिका दाखवण्याइतकेच आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे केस येतात तरी कुठून? तिरुपतीच्या कल्याणकट्ट्यावर भाविक श्रद्धेने केस अर्पण करतात. देवस्थान त्यांचा लिलाव करते आणि त्यातून कोट्यवधी रुपये उभे राहतात. घरोघरी विंचरताना निघालेले गुंतेही फेरीवाले गोळा करतात. भारतातून केस मोठ्या प्रमाणावर चीनला जातात, तिथे त्यांचे विग आणि पॅच विणले जातात आणि त्यांतले काही पुन्हा आपल्याच दुकानात येतात. कच्च्या केसांच्या निर्यातीवर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, कारण देशातल्या कारागिरांनाच माल मिळेनासा झाला होता. एका गावात फुकट दिलेली वस्तू दुसऱ्या गावी हप्त्याने विकत घ्यावी लागते, असा हा प्रवास.

मग पॅच घेऊच नये का? तसे मुळीच नाही. तिशीच्या आत टक्कल पडलेल्या तरुणाला आरशासमोर काय वाटते, हे दाट केसांच्या माणसाने हसण्यावारी नेऊ नये. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण केस गळण्यामागे थायरॉइड किंवा रक्तातील लोहाची कमतरताही असू शकते. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत, पण ती थांबवली की मिळालेला फायदाही काही महिन्यांत जातो; म्हणजे तोही एक हप्ताच. केसांचे प्रत्यारोपण ही शस्त्रक्रिया आहे. ती प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे. आणि वस्तऱ्याने सफाचट करून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय तर आहेच.

पॅचच घ्यायचा ठरला तर पत्नीला बरोबर न्या. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी नजर तिथे फार उपयोगी पडते. तळ कोणता, किती महिने टिकेल, एका फेरीचे किती, टेपचे वेगळे की त्यातच, हे सारे बिलावर लिहून मागा. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत देतो म्हणाले, तर मधेच सोडल्यास उरलेले परत मिळतील का, हे आधी विचारा. चिकटा प्रथम हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहा. खाज सुटली तर टाळूवर तो नकोच.

ठाण्याच्या त्या जोडप्याने पॅच सोडलेला नाही. लेसऐवजी त्यांनी मोनो घेतला आणि साफसफाई घरीच शिकून घेतली. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की ती टेपचे तुकडे कापून देते, ते आरशासमोर बसतात. केंद्राच्या फेऱ्या सतरावरून चारवर आल्या आहेत आणि खर्च आता फळीवरच्या वहीत 'केस' या नावाने लिहिला जातो. केंद्र बदलताना त्यांनी आपल्या डोक्याच्या मापाचा साचाही मागून घेतला. पहिल्या खेपेला त्याचे पैसे त्यांनीच तर भरले होते.