पोर्चमधली वटवाघळं आणि ड्युरियनची उधारी

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
नॅशनल पार्क्स बोर्ड, सिंगापूर यांस,


पत्र मराठीत आहे, कारण ज्या शेजाऱ्यांमुळे ते लिहावंसं वाटलं त्यांतले निम्मे मराठी आहेत.

आमच्या गल्लीतल्या एका पोर्चमध्ये चार-पाच वटवाघळं मुक्कामाला आहेत. तीसेक ग्रॅमचा जीव, कुत्र्यासारखं तोंड. फळ चावून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा. सकाळी पांढऱ्या भिंतीवर तपकिरी ओघळ, फरशीवर बोराएवढे गोळे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच ‘निपाह’ आलं, पाठोपाठ ‘धूर करा’. इथल्या कायद्याने परवानगीशिवाय वन्यजीव मारणं-पकडणं गुन्हा आहे, हे एका काकांनाच ठाऊक होतं.

निपाह विषाणूची भीती पोकळ नाही. मार्च १९९९ मध्ये इथल्या कत्तलखान्यातल्या ११ कामगारांना तो झाला, एक दगावला. पण आला तो मलेशियातून आणलेल्या डुकरांमधून. तिथे डुकरांच्या वाड्यांना लागूनच फळबागा होत्या. दीड मीटर पंखांची मोठी वटवाघळं झाडावर जेवली, उष्टं खाली डुकरांच्या तोंडी पडलं. बाग आणि वाडा शेजारी आणला तो माणसाने. ती मोठी जात सिंगापुरात आता क्वचितच दिसते. पोर्चमधल्या पाहुण्यांवर तिचा राग कशाला?

उलट यांच्या जातभाईंची उधारी आपल्यावर आहे. ड्युरियनचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री मकरंद पिणारी वटवाघळं त्याचं परागीभवन करतात. मलेशियाच्या तिओमान बेटावर तर मोठी वटवाघळंच हे काम करताना कॅमेऱ्यात सापडली. तोवर फुलं नासवतात म्हणून त्यांच्यावर ठपका होता! आमच्या गल्लीतले धूरवाले जुलैत गेलांगला ड्युरियनसाठी रांग लावतात, तेही सहकुटुंब.

म्हणून विनंती. तुमची माहितीपत्रकं ‘वटवाघूळ घरात शिरल्यास काय करावे’ एवढ्यावर थांबू नयेत. हंगामात ड्युरियनच्या टपऱ्यांवर वटवाघळाचं एक चित्र लावा. एमआरटी मेट्रोत ड्युरियनवर फुली मारलेलं चित्र आहेच, हे त्याहून देखणं होईल. पाच डॉलरच्या नोटेवरच्या टेंबुसूच्या झाडाची फळंही वटवाघळं खातात. रस्त्याकडेचे टेंबुसू छाटताना तेवढं ध्यानात असावं. आणि पिलं अंगाला बिलगलेली असताना त्यांना हुसकू नका, हे घरमालकांना मंडळाने सांगितलं तर ऐकतील. आमचं कोणी ऐकत नाही.

तोवर त्या पोर्चमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं आहे.

कळावे,
आपली,
एक रहिवासी