बोटीतून उतरले, पण बोट उतरेना

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरं तर कुरडयांची पत्रं घ्यायची ठरवली होती. पण सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलं आणि ते मागे ठेवावंसं वाटेना. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा लिहिलंय, तेव्हा छापत नाही.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलानं आईवडिलांना मुंबईहून लक्षद्वीपच्या बोटसहलीला पाठवलं. मुलगा नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. चार रात्री बोटीवर. यजमानांना बोट लागली, पहिला दिवस ते आडवेच होते. या मात्र ठणठणीत! पहाटे उठून डेकवर फिरायच्या, सगळं चवीनं खायच्या. मुंबईला उतरून रात्रीच्या गाडीनं सांगली गाठली, तोवरही काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ओटा हलायला लागला. "आधी वाटलं भूकंप. पण पातेल्यातलं पाणी अगदी स्थिर होतं," असं त्या लिहितात.

त्याला आता सहा आठवडे झाले. गरगरत नाही, उलटी नाही, नुसतं डोलतं. उभं राहिलं की जास्त, रात्री अंथरुणावर पडलं की त्याहून जास्त. सासूबाईंनी दृष्ट काढली. यजमान म्हणाले, "बोटीवर मी आडवा, घरी आल्यावर तू!" आणि हसले. एका डॉक्टरांनी रक्तदाब पाहून तो उत्तम असल्याचं सांगितलं, दुसऱ्यांनी वय झालं म्हणून टॉनिक दिलं, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. मुलाला मात्र त्यांनी अजून काही कळू दिलेलं नाही. हौसेनं पाठवलं पोरानं, त्याला वाटेल आपणच आईला आजारी पाडलं. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "रिक्षात बसले की हे थांबतं. म्हणून काम नसताना मी मार्केट यार्डापर्यंत रिक्षानं जाऊन येते. ताई, मला वेड तर लागत नाही ना?"

नाही हो, वेड नाही. उलट या रिक्षाच्या ओळीनंच तुमच्या दुखण्याचा पत्ता सांगितलाय.

बोट लागणं आपल्याला ठाऊक आहे, गाडी लागणंही. हे त्याच्या उलटं, बोट उतरल्यावर लागणारं. तसं थोडंफार ते बहुतेकांना होतं. आम्ही लहानपणी, १९६५च्या सुमाराला, मुंबईहून बोटीनं मालवणला जायचो. बोट खोल पाण्यात थांबायची, तिथून पडावात उतरायचं आणि पडावातून किनाऱ्याला. ती रात्र आजोळच्या माजघरात झोपलं की अंथरूण वरखाली व्हायचं. आजी म्हणायची, "अजून बोट उतरली नाही पोरांची." दुसऱ्या दिवशी आम्ही आंब्याच्या झाडावर असायचो. असं एक-दोन दिवस डोलणं म्हणजे आजार नव्हे.

दोन दिवसांनंतरही जे जात नाही आणि महिना ओलांडून टिकतं, त्याला वैद्यकशास्त्रात फ्रेंच नाव आहे: माल द देबार्कमां. (माल म्हणजे आपला माल नव्हे, फ्रेंचमध्ये दुखणं.) बोटीतून उतरल्याचं दुखणं, एवढाच त्याचा अर्थ. उतरल्यावर असं डोलल्यासारखं होतं हे अठराव्या शतकाच्या शेवटीच लिहून ठेवलेलं आहे. पण काही जणांत ते महिनोन्‌महिने राहतं, याकडे डॉक्टर मंडळींचं नीट लक्ष गेलं ते १९८७ साली, ब्राऊन आणि बालो या दोन अमेरिकन डॉक्टरांनी असे सहा रुग्ण मांडले तेव्हा. आणि ते ओळखायचं कसं, याचे सर्वमान्य निकष तर २०२० साली आले. तेव्हा गावातल्या डॉक्टरांना हे चटकन सुचलं नाही, याचा फार राग धरू नका. 'मनाला लावून घेऊ नका' हे मात्र त्यांनी म्हणायला नको होतं.

होतं काय, तर बोटीवर आपला मेंदू शिकतो. जमीन हलतेय हे धरूनच तो पाय टाकायला लावतो, नजर स्थिर ठेवतो. त्या भगिनींचा मेंदू ते छान शिकला, म्हणून तर त्यांना बोट लागली नाही. आता जमीन स्थिर आहे, तरी तो शिकलेलं विसरायला तयार नाही. कानात दोष नसतो, मेंदूच्या फोटोत गाठ दिसत नाही, तपासण्या साऱ्या बऱ्या येतात आणि म्हणूनच घरच्यांना वाटतं की बाई उगाच करतेय. रिक्षा, मोटार, आगगाडी यांत बसलं की अंगाला खरोखरची हालचाल मिळते, मग आतलं डोलणं तात्पुरतं शमतं. मुंबईहून येताना गाडीत काही वाटलं नाही, ते त्यामुळेच. उतरलं की पुन्हा सुरू, कधी आधीपेक्षा जोरात. ही खूण त्या निकषांतही आहे. इतर भोवळींत गाडीत बसून बरं वाटल्याचं सहसा कुणी सांगत नाही.

हे दुखणं होतं बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना. पुरुषांना होत नाही असं नाही, पण थोड्यांना. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी जरा जास्त जपावं. पाळीच्या दिवसांत, जागरणानं, फार दगदगीनं ते वाढतं असं अनेकींना आढळतं. लांबच्या विमान किंवा मोटारप्रवासानंतरही क्वचित होतं.

डोलणारी प्रत्येक बाई बोटीचीच रोगी असेल असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कूस बदलताना किंवा मान वर करताना खोली काही क्षण गर्रकन फिरत असेल, तर ते कानातल्या कणांचं काम. डॉक्टर मान विशिष्ट रीतीनं फिरवून ते बरं करतात. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहावं. आणि बोलणं अडखळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, एकाची दोन दिसणं, अचानक असह्य डोकं दुखणं, एका कानानं एकाएकी ऐकू न येणं, असं काही भोवळीबरोबर झालं तर हे पान वाचत बसू नका, रिक्षा बोलवा आणि थेट इस्पितळ गाठा.

आता सांगलीच्या बाईंसाठी. कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या तज्ज्ञांकडे जा, पण जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: बोटीतून कोणत्या तारखेला उतरलात, किती तासांनी सुरू झालं, कशानं वाढतं आणि रिक्षात थांबतं. ही शेवटची गोष्ट लाजून गाळू नका. दुखण्याचं नावही लिहून न्या. प्रवासात उलटीसाठी घेतात त्या गोळ्यांचा इथे फारसा गुण येत नाही. आणि त्या दिवसेंदिवस घेत राहिलं, तर मेंदूला तोल पुन्हा शिकायला उलट वेळ लागतो. डॉक्टर कधी मन शांत करणारं किंवा अर्धशिशीवरचं औषध देतात. ते मनोरुग्ण ठरवलं म्हणून देत नाहीत, मेंदूचा तो हट्ट सैल व्हावा म्हणून देतात. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नका, सवय लागते.

न्यूयॉर्कला माउंट सिनाईच्या डॉक्टरांनी २०१४ साली एक वेगळाच उपचार प्रसिद्ध केला. रुग्णाला सरकत्या पट्ट्यांच्या पडद्यापुढे बसवायचं आणि तिचं डोकं ती ज्या तालात डोलते त्याच तालात हलक्या हातानं डावी-उजवीकडे कलवायचं. जिनं शिकवलं तिनंच विसरायला लावायचं, असा प्रकार. २४ रुग्णांपैकी १७ जणांना वर्षानंतरही पूर्ण किंवा चांगला फरक टिकून होता. आपल्याकडे जिथे तोल तपासण्याचे विभाग आहेत तिथे याची चौकशी करावी. पट्ट्यांची साडी टांगून घरी प्रयोग करू नये, कारण पट्टे कोणत्या दिशेला सरकवायचे हे प्रत्येकीचं तपासूनच ठरतं.

घरात काय करायचं? अंथरूण धरू नका. पडून राहिल्यानं हे वाढतं. सकाळी उजेडात, मोकळ्या रस्त्यानं, नजर पायांकडे न ठेवता समोर लांब ठेवून चाला. सुरुवातीला यजमानांचा हात धरा, २५ वर्षं झाली आहेत, आता लोक काय म्हणतील? न्हाताना स्टुलावर बसा. केसांना साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, तिथेच पडतात बायका. रात्री मोरीकडे जाताना लहान दिवा चालू असू द्या. माळ्यावरचे डबे काढायला खुर्चीवर चढणं सध्या बंद, ते मुलाला सांगा. भाज्या चिरणं, पोळ्या लाटणं बसून करा, उकळत्या तेलापुढे मात्र एकट्यानं उभं राहू नका. पट्ट्यापट्ट्यांच्या फरशा, साड्यांचं गजबजलेलं दुकान, मोबाइलवर भराभर सरकणारी चित्रं यांनी डोलणं वाढतं, तेव्हा लग्नसराईची खरेदी जावेवर सोपवा. स्कूटर चालवत असाल तर थोडे दिवस ठेवून द्या. जागरण नको, जेवण वेळेवर. रिक्षाच्या फेऱ्यांना माझी हरकत नाही, पण तो उपाय नव्हे हे लक्षात असू द्या. उतरल्यावर पाच मिनिटं कट्ट्यावर बसूनच घराकडे निघा.

हे पुष्कळ जणींचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं वर्षभर रेंगाळतं, आणि एकदा होऊन गेल्यावर पुढच्या बोटप्रवासानंतर पुन्हा उलटू शकतं. गोव्याची बोट कुणी सुचवलीच तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलाला सांगा. आज ना उद्या तुम्ही दाराची चौकट धरताना तो बघणारच आहे, आणि मग आईनं आपल्यापासून लपवलं याचं त्याला जास्त लागेल. बोटीवर तुम्ही पहाटे डेकवर फिरलात, एकदाही आडव्या झाला नाहीत, तेही त्याला सांगा. यजमानांना हे पान वाचायला द्या, 'न्यूयॉर्क' असलेल्या परिच्छेदापासून दिलंत तरी चालेल. तज्ज्ञांनी काय सांगितलं ते मला कळवा. उत्तर हवं असेल तर पाकिटावर आपला पत्ता लिहून तिकीट लावून पाठवा, नाव याही वेळी छापणार नाही.