पळून पोट भरतं का?

मंडळी, या खेपेला तुंगार्लीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी झाला. पहाटे उठून धरणाच्या चढाला पळत जातो, घामाघूम होऊन परत येतो आणि आल्या आल्या चार भाकऱ्या संपवतो. भाताच्या लावणीतसुद्धा आधी पळणं आणि मग खाचर. त्याचे वडील म्हणतात, "पळून कुणाचं पोट भरलंय का?" ताई विचारतात, मी कुणाची बाजू घेऊ?

ताई, प्रश्न रास्त आहे. तुमच्यासारख्याच एका शेतकऱ्याच्या घरची हकिकत सांगतो, ती दोघांनाही वाचून दाखवा.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची. तिथं 13 सप्टेंबर 1994 रोजी अविनाश साबळे जन्मला. आईवडील शेती करून वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही, म्हणून पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. आता, शाळेत पळत गेला म्हणून ऑलिंपिकला पोचला, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एके काळी निम्मा महाराष्ट्र शाळेला पायीच जात होता. पाय तिथं घडले हे खरं, पण खेळाडू घडला तो पुढं.

बारावी झाल्यावर अविनाश सैन्यात गेला, तो खेळायला नव्हे, नोकरीला. घराला पगाराची गरज होती. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत भरती झाला आणि 2013-14 मध्ये थेट सियाचीनच्या बर्फात त्याची नेमणूक झाली. आपल्याला लोणावळ्याची थंडी बोचते. तिथं पारा शून्याच्या खाली चाळीस-पन्नास अंश उतरतो आणि चार पावलं टाकली की धाप लागते. मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. 2015 साली तो सैन्यातल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत पहिल्यांदा उतरला. क्रॉस-कंट्री म्हणजे आखीव मैदान सोडून माळावरून, चढउतारावरून लांब पळायची शर्यत. तेव्हा त्याचं वय होतं वीस. ज्या वयात आपण म्हणतो, "आता कसला खेळ, पोटापाण्याचं बघ," त्या वयात त्यानं सुरुवात केली.

मधे एकदा अंगानं सुटलाही होता. तीन महिन्यांत वीस किलो वजन उतरवून तो पुन्हा धावपट्टीवर आला. अमरीश कुमार या सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्याला हेरलं आणि स्टीपलचेसकडे वळवलं.

ही शर्यत शेतकऱ्याला चटकन कळेल अशी आहे. विलायतेत पूर्वी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत घोडे पळवायचे. वाटेत दगडी बांध आणि ओढे लागत, ते ओलांडत जायचं. त्याचंच पुढे माणसांच्या शर्यतीत रूपांतर झालं. अंतर 3000 मीटर. वाटेत 28 वेळा आडवे लाकडी अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91 सेंटिमीटरच्या वर, म्हणजे तीन फूट. साध्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर तो पडतो. हा पडत नाही, पडतो तो माणूस. बांधावरून उडी मारून चिखलात उतरायचं आणि लगेच पुन्हा पळायचं, असं साडेआठ मिनिटं करून बघा.

या शर्यतीत गोपाल सैनी यांचा 8 मिनिटं 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम 1981 पासून कुणी मोडला नव्हता. 2018 मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं 8:29.80 वेळ देऊन तो मोडला. पुढच्या वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत तो अडकला. भारतीय संघानं तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथं तो तेरावा आला, पण 8:21.37 ही वेळ त्याला टोकियो ऑलिंपिकचं तिकीट देऊन गेली. 2021 साली टोकियोत 8:18.12 असा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. विक्रम करून हरायचं म्हणजे काय, ते मोंढ्यात विक्रमी माल नेऊन पडता भाव घेतलेल्या माणसाला सांगायला नको.

2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा एब्राहम किबिवोट 8:11.15 मध्ये आला आणि आपला गडी 8:11.20 मध्ये. सेकंदाच्या विसाव्या भागानं सोनं गेलं, रुपं मिळालं. पण राष्ट्रकुलच्या या शर्यतीत 1994 नंतर केनियाबाहेरच्या कुणालाही पदक मिळालं नव्हतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत सुवर्ण आणि 5000 मीटरमध्ये रौप्य मिळालं. 2024 च्या जुलैत पॅरिसला 8:09.91. सैनींच्या विक्रमापेक्षा जवळजवळ एकवीस सेकंद कमी. त्याच गावात महिन्याभरानं ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. त्या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आता वडिलांचा प्रश्न घेऊ. पोट कुणी भरलं? पळण्यानं नाही भरलं, नोकरीनं भरलं. आधी पगार, मेसचं जेवण, डॉक्टर, बूट, आणि मग पळणं. ही काही आपलीच रीत नाही. जर्मनीत बर्फावर पायाला लांब पट्ट्या बांधून पन्नास-पन्नास किलोमीटर सरकत पळण्याच्या शर्यती होतात. तिथल्या त्या नामांकित खेळाडूंपैकी कितीतरी जण सैन्याच्या नाहीतर जकात खात्याच्या पगारावर असतात. इतका श्रीमंत देश, पण लांब पल्ल्याचा खेळाडू तिथंही सरकारी भाकरीवरच उभा राहतो. कारण ह्या खेळाचं पीक उशिरा येतं. भाजीपाल्यासारखं तीन महिन्यांत हाती येत नाही, आंब्याच्या कलमासारखी वाट बघावी लागते.

इथंच मला एक काळजी वाटते, ती सांगून टाकतो. अविनाश भरती झाला, नंतर दोन-तीन वर्षांनी पळायला लागला आणि विक्रम केला तो त्यानंतर तीन वर्षांनी. 2022 पासून सैन्यात अग्निवीर म्हणून भरती होते, ती चार वर्षांची, आणि पुढे कायम ठेवतात ते जास्तीत जास्त चौघांत एक. सियाचीनच्या बर्फातून उशिरा उमलणारा पोरगा त्या चार वर्षांत कुणाच्या नजरेत भरेल का? खेळाडू म्हणून थेट भरती असते, पण ती आधीच पदकं असलेल्यांची. लहान वयात चमक दिसली तर पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे आणि सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्याही आहेत. तुमच्या मुलाचं ते वय मात्र सरलं.

घरात मुलगी पळणारी असेल तर तिलाही अडवू नका. माण तालुक्यातल्या दुष्काळी मोही गावची ललिता बाबर हीच शर्यत पळायची. रेल्वेत नोकरी करत 2015 साली आशियाई अजिंक्यपद जिंकली, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषांच्या 1984 च्या शर्यतीनंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय. पुढे राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

आणि पडझडही सांगायला हवी. जुलै 2025 मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर अविनाश पडला, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

तेव्हा ताई, सध्या बाजू कुणाचीच घेऊ नका. लावणीच्या पंधरा दिवसांत पहाटेचं पळणं निम्मं करायला सांगा, चिखलणीत पायांना व्यायाम कमी होत नाही. भाकरीबरोबर डाळ-उसळ आणि चालत असेल तर अंडं असू द्या, चार भाकऱ्यांवरून बोलू नका. आणि एका सकाळी वडिलांनाच हातात घड्याळ घेऊन शाळेच्या मैदानावर उभं करा. भरतीत 1600 मीटर पळावं लागतं. तेवढं अंतर मोजून पोराला पळवा, मिनिटं-सेकंद वहीत लिहा, महिन्यानं पुन्हा लिहा. दोन्ही आकडे मला पत्रानं कळवा, मग पुढचं बोलू.