सामूहिक श्रेयाची लबाडी

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीच्या फुटबॉल संघाने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्या सहा गोलांचे श्रेय कुणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. कर्ता कोण, हा आपलाही जुनाच प्रश्न. आज त्याचे सर्वांत प्रतिष्ठित उत्तर आहे: श्रेय कुणा एकाचे नाही, ते सर्वांचे. हे उत्तर मला उदार वाटत नाही, लबाडीचे वाटते.

त्या दिवशी नेमके काय घडले ते आधी पाहू. तेव्हाच्या रचनेत प्रतिस्पर्ध्याच्या ९ क्रमांकाच्या खेळाडूला रोखणे हे सेंटर हाफचे काम असे. हंगेरीची ९ क्रमांकाची जर्सी नांदोर हिदेगकुटीच्या अंगावर होती, पण तो गोलपुढे उभा राहीचना. मागे, मध्यक्षेत्रात रेंगाळे. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनने त्याच्या मागे जावे, तर पाठीमागची मोकळी जागा पुश्काश आणि कोचिश यांच्या हाती. न जावे, तर हिदेगकुटी मोकाट. जॉन्स्टनला अखेरपर्यंत निर्णय करता आला नाही. हिदेगकुटीने तीन गोल केले, पहिला तर पहिल्याच मिनिटात.

ही कल्पना राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांची नव्हे. बुडापेस्टच्या एम.टी.के. क्लबात मार्तोन बुकोवी यांनी ती घडवली. त्यांचा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड नॉर्बर्ट हॉफलिंग १९४८ साली इटलीत गेला. तसा दुसरा नव्हता, म्हणून त्यांनी ती जागाच मागे ओढली. गरजेतून निघालेली युक्ती, एवढेच. तिला पुढे 'समाजवादी फुटबॉल' असे भारदस्त नाव देणारे शेबेश मात्र सरकारात उपमंत्री होते. पराभूत इंग्रजांचे समाधान वेगळेच. हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाचे ऋण मान्य केले, आणि इंग्रजांना आपल्या पराभवाचा जनकही इंग्रजच सापडला! होगनचे ऋण खरे आहे; पण व्याकरण शिकवणारा गुरुजी म्हणजे कादंबरीकार नव्हे.

शेबेश यांना काहीच देऊ नये, असे मी म्हणत नाही. वेम्बलीच्या मापाचे मैदान आखून आणि इंग्रजी चेंडू मिळवून त्यांनी सराव करून घेतला. ते काम उत्तम संपादकाचे होते. संपादकाने मुखपृष्ठावर लेखक म्हणून आपले नाव घातले की तक्रार सुरू होते.

इथे कुणीतरी रोलां बार्थचा १९६७ सालचा निबंध पुढे करील. परंतु बार्थने अर्थावरचा लेखकाचा अधिकार नाकारला. श्रम कुणी केले हा प्रश्न त्याने रद्द केलेला नाही. तो प्रश्न पुसून टाकला की श्रेय हवेत विरत नाही, ज्याच्या हाती खुर्ची त्याच्याकडे वाहत जाते. हंगेरीत ते राज्यसत्तेकडे गेले. ४ जुलै १९५४ रोजी बर्नमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना पश्चिम जर्मनीने ३-२ असा जिंकला. त्या स्पर्धेत हंगेरीने पाच सामन्यांत २७ गोल केले होते. विजय सर्वांचा होता, तर पराभवही सर्वांचा असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच वर्षाच्या अखेरीस गोलरक्षक ग्युला ग्रोशिच याच्यावर हेरगिरीचा संशय घेऊन त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. दोषाला बरोबर नाव सापडले.

म्हणून नावे घ्यावीत, आणि क्रमाने घ्यावीत. माझ्या लेखी पहिले बुकोवी, मग हिदेगकुटी, त्यानंतर शेबेश. आणि या यादीत सहसा न येणारा पेटर पालोताश. एम.टी.के.मध्ये ही मागे सरकलेली जागा हिदेगकुटीच्या आधी तोच खेळला, राष्ट्रीय संघातही. सप्टेंबर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध हंगेरी ०-२ ने मागे असताना त्याला बाहेर बोलावून हिदेगकुटीला उतरवले गेले. हंगेरीने तो सामना ४-२ असा जिंकला, आणि पालोताशची जागा कायमची गेली.