प्रत्येक कंप पार्किन्सन नव्हे

वस्त्यांतून फिरताना आम्ही पाहतो की, एखाद्या म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला, तोल जाऊ लागला की लोक दोनच निदाने करतात. एक, दारूने झाले. दुसरे, बाहेरचे आहे. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या, तरी गंडेदोरे काही घरांतून गेलेले नाहीत. बंधू-भगिनींनो, हा मेंदूचा आजार असू शकतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला पडले.

पण त्याच्यासारखे दिसणारे आणखी दोन आजार आहेत. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणजे पी.एस.पी. आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी म्हणजे एम.एस.ए. तिन्हींत अंग ताठरते, हालचाल मंदावते. मात्र लेव्होडोपाच्या गोळीने पार्किन्सनच्या रुग्णाला बहुधा चांगला आराम पडतो. या दोन आजारांत ती फारशी लागू पडत नाही आणि आजारही भराभर वाढतो. हे न कळल्याने घरचे कर्ज काढून डॉक्टर बदलत राहतात.

हा फरक दाखवणाऱ्या बऱ्याच खुणा सुई न टोचता मिळतात. पी.एस.पी.चा रुग्ण सुरुवातीच्या काळातच पडू लागतो, तोही बहुधा मागे. नजर खाली नेता येत नाही. जिन्याची पायरी चुकते, ताटातले सांडते. घरचे म्हणतात, लक्ष नसते. लक्ष असते हो, डोळा वळत नाही! एम.एस.ए.मध्ये लघवीवरचा ताबा लवकर जातो, उभे राहताच चक्कर येते. म्हणून रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे केल्यावर 3 मिनिटांच्या आत मोजतात. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर डॉक्टर सावध होतात. पार्किन्सनमध्ये पुष्कळांचा वास कंप सुटण्याच्या कित्येक वर्षे आधीच गेलेला असतो. एम.आर.आय.मध्ये पी.एस.पी.चा झिजलेला मध्यमेंदू बाजूने लांब चोचीच्या पाखरासारखा दिसतो.

रक्तातल्या न्यूरोफिलामेंट या प्रथिनावरही संशोधन झाले आहे. या दोन आजारांत ते पार्किन्सनपेक्षा जास्त आढळते. पण एकट्या त्यावर निदान होत नाही.

ओ.पी.डी.त डॉक्टरांना वेळ थोडा असतो. तेव्हा पहिल्यांदा कधी पडले, कोणत्या बाजूला, लघवीचे काय, हिंगाचा वास येतो का, हे वहीत लिहून न्यावे. शाळेत जाणारी नातसुद्धा लिहील. मुंबईत के.ई.एम. आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहे. आणि गुण येत नाही म्हणून गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ती डॉक्टर हळूहळू कमी करतात.