दुखण्याचा कायदा



गेल्या तिमाहीच्या बैठकीत आपल्या नाशिकच्या गटात बऱ्याच दिवसांनी कडाक्याचं भांडण झालं. विषय होता औषध म्हणून गांजा. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी भांगेच्या झाडाची लागवड कायदेशीर करण्याच्या बाजूने अहवाल स्वीकारला. आपल्या राज्यातही अशी मागणी करावी का, एवढाच साधा प्रश्न एका कार्यकर्तीने विचारला होता. त्यावर एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "बाटली आडवी करण्यात आमची उमर गेली, आता चिलीम उभी करायची का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

नशेची किंमत बाई कशी मोजते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. दारूच्या दुकानासाठी गावात मतदान घ्यायला लावून बायांनी किती बाटल्या आडव्या केल्या, हा आपला इतिहास आहे. आपल्याच जिल्ह्यात मालेगावात 'कुत्ता गोळी' आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या यांनी पोरं कशी नासली, हे तिथल्या आया सांगतात. आणि त्या गोळ्या, ती औषधं ही कायदेशीर औषधंच आहेत, हेही विसरू नये. म्हणजे औषधाचा शिक्का बसला की पदार्थ निर्धोक होतो, असं मानणारी मी नाही.

पण त्याच बैठकीत सिन्नरकडची एक बाई मागे बसली होती. सासूला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. शेवटचे चार महिने घरी. रात्री ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ही बाई तिच्या तोंडाशी पदर धरायची. डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव घेतलं, पण गावात, तालुक्याला, कुठल्याच औषधाच्या दुकानात ते मिळालं नाही. मुंबईला जा म्हणाले. सासूला घरी टाकून जाणार कोण? नवरा हंगामावर, पोरं शाळेत. ती गांजाच्या बाजूने की विरोधात, हे तिने सांगितलंच नाही. "त्या दुखण्याला कायद्यात काही होतं का, एवढंच विचारायचं होतं," म्हणाली.

होतं. कायद्यात बरंच काही होतं, पण ते तिच्यापर्यंत आलं नाही.

१९८५ साली आलेला अमली पदार्थांचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो वाचून पाहा. कलम ८ सगळ्याला बंदी घालतं आणि त्याच दमात 'वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज' असंही म्हणतं. कलम १० मध्ये भांगेच्या झाडाची लागवड, बाळगणं, विक्री, वापर यांना परवानगी देण्याचे आणि नियम करण्याचे अधिकार राज्य सरकारला दिले आहेत. चरस तेवढा वगळला. झाडाचा फुलाफळांचा शेंडा म्हणजे गांजा. शेंड्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या हाती राहिली. तेव्हा 'दिल्लीचा कायदा आहे, आम्ही काय करणार' हे मंत्रालयाचं उत्तर अर्धवट आहे.

अफूच्या बाबतीतली गोष्ट तर अधिक लाजिरवाणी. औषधासाठी अफू सरकारी परवान्याने पिकवणारे देश जगात मोजके, त्यात आपला देश एक. मध्य प्रदेशात नीमचला सरकारी कारखाना आहे. आणि १९८५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. कायद्याने औषधावर बंदी घातली नव्हती. पण परवानेच इतके की साठा ठेवायलाच रुग्णालयं घाबरू लागली. पीक आपलं, औषध परदेशी, आणि ओरडणं घरातलं.

हे बदललं ते कुणाच्या कृपेने नव्हे. केरळात १९९३ साली कोळिकोडला वेदनाशमनाची संस्था उभी राहिली. डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम सुरू केलं. पुढे मलप्पुरममध्ये शेजारपाजारच्या साध्या माणसांनी आठवड्यातून काही तास द्यायचे, खाटेवरच्या रुग्णाच्या घरी जायचं, अशी जाळी विणली गेली. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरे, असं झालं. महाराष्ट्राने तर २०१२ सालीच परिहार सेवेचं धोरण केलं होतं. कागदावर सगळं जागच्या जागी आहे, फक्त गोळी नाही.

आता गांजाकडे येते. अमेरिकेतल्या लढ्याची एक बाजू आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे तो बऱ्याच अंशी बायांनी लढवला. सॅन फ्रान्सिस्कोत मेरी जेन रॅथबन नावाची म्हातारी एड्सच्या रुग्णांसाठी गांजा घालून ब्राउनी भाजायची, त्यासाठी तिला अटकही झाली. सांता क्रूझला व्हॅलरी कोरल हिने अपघातानंतर जडलेल्या फेफऱ्यावर स्वतः झाड लावलं, पकडली गेली, आणि १९९३ मध्ये रुग्णांचीच एक सामूहिक बाग उभी केली. सगळ्यांनी मिळून पिकवायचं आणि गरजेप्रमाणे वाटायचं. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय वापराला कौल दिला. तरी २००२ साली केंद्राच्या पोलिसांनी ती बाग उपटली. काही दिवसांनी त्या बायाबाप्यांनी नगरपालिकेच्या इमारतीसमोर उघडपणे औषध वाटलं. मला त्यात आपल्या मोर्च्यांची सख्खी बहीण दिसते.

मात्र औषध म्हणून त्याची कुवत किती, हेही नीट मांडलं पाहिजे. लहान मुलांच्या काही दुर्धर फेफऱ्यांवर गांजातल्या एका द्रव्याचं औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर, काही मज्जाविकारांतल्या स्नायूंच्या ताठरपणावर उपयोग दिसतो. जुनाट दुखण्यावर पुरावा कमी-जास्त आहे. कर्करोग बरा होतो, असं कुणी सांगत असेल तर तो लुटारू समजावा. गरोदरपणात ते घेऊ नये, आणि कोवळ्या वयात मनाचा तोल जाण्याचा धोका खरा आहे. आयुर्वेदात विजया म्हणून हे झाड जुनं आहे, आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याची तेलंही विकली जातात. पण त्यांचे भाव पाहिले तर ते औषध कुणासाठी, हे कळतं.

इतिहासही आपल्या दारातलाच आहे. इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, परवान्याने पिकायचा. १८९३ मध्ये सरकारने आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी घेऊन त्याने सांगितलं, सरसकट बंदी नको, नियंत्रण ठेवा. आयोगावर एकही बाई नव्हती, हे वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरला सिंहस्थात साधूंची चिलीम आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तिथे बंदोबस्तावरचा हवालदार नमस्कार करून पुढे जातो. शिरपूरच्या डोंगरातल्या आदिवासीचं शेत मात्र उपटलं जातं, आणि पिशवी वाहून नेणारी बाई वीस किलोच्या वर सापडली तर तिला जामीनसुद्धा मिळणं मुश्कील. दलाल कुठे असतो, ते विचारू नका.

२०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. जिनिव्हा-व्हिएन्नात जे मान्य, ते नाशिकच्या खाटेवर का नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. ज्येष्ठ ताईंना माझं म्हणणं एवढंच, की दारूच्या दुकानाला विरोध आणि दुखणाऱ्या बाईला औषध या मागण्या एकाच घरातून येतात. घरात नशा केलेला पुरुष आला तरी, आणि खाटेवर तळमळणारी सासू असली तरी, रात्रभर जागते ती एकच.

मागण्यांचा क्रम मात्र मी ठरवून मांडते: आधी मॉर्फिन. त्याला नवा कायदा लागत नाही. गांजाबाबत राज्याने कलम १० खाली रुग्णांसाठी नियम करावेत, सरकारी दवाखान्यांतून स्वस्तात मिळावं, आणि लागवड द्यायचीच तर ती कंपन्यांच्या आधी शिरपूरसारख्या भागातल्या बायांच्या गटांना द्यावी. यावर मतभेद असतील, ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

तोवर प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत जाऊन दोनच प्रश्न विचारावेत. मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का? गेल्या महिन्यात किती रुग्णांना दिलं? उत्तर लेखी घ्या, सरकारी रुग्णालयाने न दिल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सिन्नर, इगतपुरी, निफाड आणि मालेगावच्या मैत्रिणींनी नावं दिली आहेत. पेठ, सुरगाण्यातून अजून कुणी नाही. यादी जमली की अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात आपण सगळ्या मिळून जाऊ. सिन्नरची ती बाईसुद्धा येते म्हणाली आहे.