राष्ट्रपतिपद आधी समजून घ्या, मग अपेक्षा ठेवा

जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा येतो. घोषणा होतात, पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते आणि निवेदन देते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : 'प्रति, मा. राष्ट्रपती महोदय, मार्फत मा. जिल्हाधिकारी साहेब'. आत मागणी पीकविम्याची असते, पाणीपुरवठ्याची असते, कधी गावच्या रस्त्याचीही असते. आणि मोर्चाहून परतताना हीच मंडळी टपरीवर म्हणतात, "राष्ट्रपतींच्या हातात काय असतं हो? नुसता शिक्का!" राष्ट्रपती सगळे करू शकतात आणि काहीच करू शकत नाहीत, हे दोन्ही समज आपण एकाच वेळी बाळगतो. दोन्ही चुकीचे आहेत आणि त्यात नुकसान आपलेच आहे.

हे पद कशासाठी आहे, ते आधी पाहू. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख असतील, पण कारभाराचे प्रमुख नसतील. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्य चालवणार नाहीत. कारभार मंत्रिमंडळाने करायचा आणि त्याचा जाब लोकसभेला द्यायचा. म्हणून पीकविमा, रस्ता, पाणी हे प्रश्न राष्ट्रपतींच्या टेबलावर सुटत नाहीत. तिथे गेलेला अर्ज फिरून संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडेच येतो.

मग उरते काय? उरते ती शपथ. मंत्री संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती कलम 60 नुसार संविधानाचे आणि कायद्याचे जतन, संरक्षण व प्रतिरक्षण करण्याची आणि जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची शपथ घेतात. 26 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद पहिले राष्ट्रपती झाले, तेव्हापासून ही जबाबदारी त्या खुर्चीवर आहे. ती पार पाडण्यासाठी संविधानाने थोडीच साधने दिली आहेत : पंतप्रधानांकडून माहिती मागवण्याचा हक्क, संसदेने मंजूर केलेले विधेयक (धनविधेयक सोडून) एकदा परत पाठवण्याचा हक्क आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळाचा सल्लाही एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा हक्क. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला, की तो मानावाच लागतो. 'पुन्हा एकदा विचार करा', एवढेच म्हणण्याची ही ताकद आहे. पण योग्य वेळी तेवढे म्हटले तरी पुष्कळ होते.

ते म्हटले गेले नाही, तेव्हा काय झाले हे 25 जून 1975 च्या रात्री देशाने पाहिले. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्रीच सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या सहीची किंमत लाखभर माणसांनी तुरुंगात राहून मोजली. त्यातूनच 44 व्या दुरुस्तीत अट आली : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही.

आणि ते म्हटले गेले, तेव्हाची उदाहरणेही आहेत. 1986 मध्ये नागरिकांची पत्रे अडवून पाहण्याची मुभा सरकारला देणारे टपाल विधेयक संसदेत मंजूर झाले. ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. ऑक्टोबर 1997 मध्ये मुख्यमंत्री कल्याणसिंह यांनी विधानसभेत विश्वासमत जिंकले असतानाही गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. पुढच्याच वर्षी वाजपेयी सरकारने बिहारबाबत तशीच शिफारस केली, तीही त्यांनी परत पाठवली. सरकार कोणाचे आहे हे त्यांनी पाहिले नाही. 2006 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाविषयीचे विधेयक परत केले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि मग त्यांनी सही केली. पण तोवर त्या विधेयकाची देशभर चर्चा झाली होती.

आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. 12 नोव्हेंबर 2019 रोजी महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली आणि 23 नोव्हेंबरच्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी ती उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. कामकाज नियमांतील नियम 12 चा आधार घेऊन पंतप्रधानांच्या अधिकारात तो निर्णय झाला. त्या दिवशी सत्तेत कोण आले आणि कोण गेले, हे बाजूला ठेवा. असा निर्णय समोर आला तर राष्ट्रपतींनी किती वेळ घ्यावा, काय विचारावे, हा प्रश्न प्रत्येक मतदाराचा आहे.

आता मुद्दा आपल्या हातातला. राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही, पण आपला आमदार आणि खासदार निवडतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या 1971 च्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्रातल्या एका आमदाराचे मत 175 इतके, गोव्यातल्या आमदाराचे 20 इतके. मुंबईच्या विधान भवनात आमदाराच्या हातात गुलाबी मतपत्रिका आणि निवडणूक आयोगाने दिलेले जांभळ्या शाईचे पेन येते. नावांपुढे 1, 2 असे पसंतीक्रम लिहायचे असतात. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. म्हणजे त्या क्षणी आमदारावर पक्षाची सक्ती नसते, असते ती मतदारांची जबाबदारी. तरीही या मताबद्दल आपण आमदाराला कधी एका शब्दाने विचारत नाही.

म्हणून चार गोष्टी करा. पहिली, निवेदन योग्य दारी द्या. रस्त्यासाठी जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, विम्यासाठी कृषी विभाग. राष्ट्रपतींना लिहायचे तर कायद्याचा, संविधानाचा प्रश्न लिहा. दुसरी, संविधानातली कलमे 52 ते 78 एकदा वाचा. मराठी प्रत मिळते, एका संध्याकाळचे काम आहे. तिसरी, उमेदवाराची जात, प्रांत, पक्ष यांपाशीच चर्चा थांबू देऊ नका. प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, द्रौपदी मुर्मू आदिवासी समाजातून आलेल्या पहिल्या राष्ट्रपती झाल्या, याचा अभिमान जरूर बाळगा. पण अडचणीच्या वेळी ही व्यक्ती सरकारला प्रश्न विचारेल का, हेही विचारा. चौथी, सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत जुलै 2027 मध्ये संपते. त्याआधी तुमचा आमदार गावात येईल, तेव्हा त्याला एवढेच विचारा : "साहेब, तुमचे 175 मूल्याचे मत तुम्ही कशाच्या आधारावर देणार?"

हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो विचारा.